साडेदहाला विरणारं फूल

पावसाळ्याचे चार महिने सकाळी अकराच्या आत आमच्या दाजींशी दोन वाक्यं धड बोललेला माणूस अख्ख्या खटाव तालुक्यात सापडायचा नाही. अकरानंतर मात्र त्यांच्याइतका बोलका, अघळपघळ आणि आग्रही माणूसही सापडायचा नाही. भेटेल त्याला चहा पाजतील, त्याच्या घरची सगळी विचारपूस करतील आणि तो उठायला लागला की त्याची पिशवी लपवून ठेवतील. पण अकराच्या आत कोणी घराला आग लागल्याची वर्दी घेऊन गेला असता, तरी दाजींनी ओणव्यानंच "हां, आलोच" म्हटलं असतं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं असतं. त्याला कारण होतं. ज्या झाडोऱ्याचा त्यांना नाद लागला होता, त्याची फुलं सकाळी उमलतात आणि दुपार व्हायच्या आत संपतात. संपतात म्हणजे इतर सभ्य फुलांसारखी कोमेजत, सुकत, गळत नाहीत. पाकळ्यांचं चक्क पाणी होतं. बोट लावलं तर बोटाला निळसर ओल लागते, बस. तेव्हा जे काय बघायचं, मोजायचं, चितारायचं ते अकराच्या आत. माणसं काय, संध्याकाळीही तशीच असतात, असं त्यांचं म्हणणं.

दाजी म्हणजे माझे थोरले साडू. बायकोच्या माहेरी सगळेच त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. वडूजच्या हायस्कुलात ते ड्रॉइंग मास्तर होते. वनस्पतिशास्त्राची एक ओळ ते कुठल्या वर्गात बसून शिकले नव्हते. हा नाद लागला तो वर्गात उभं राहून. एकदा परीक्षेच्या तयारीसाठी त्यांनी बांधावरची केन्याची फांदी तोडून आणून टेबलावर ठेवली आणि मुलांना म्हणाले, काढा. पहिल्या तासाला निम्मं चित्र झालं. दुसऱ्या तासाला मुलं बघतात तर फांदी आहे, पानं आहेत, फूल नाही. कोणी खाल्लं म्हणावं तर वर्गात शेळी नव्हती. दाजींनी दुसऱ्या दिवशी दुसरी फांदी आणली, ती तशीच फसवून गेली. डोंगर बसतो, म्हैस बसते, शाळेचा शिपाईसुद्धा बिडी मिळाली तर तासभर हलत नाही, आणि हे दीड बोटाचं तण आपल्यासमोर चित्राला बसत नाही, याचा त्यांना अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बांधावर जाऊन बसले. ते पुढं वीस वर्षं तिथंच बसून होते म्हणायला हरकत नाही.

केना कोणाला माहीत नाही? शेतकऱ्याला विचारलंत तर तो आधी शिवी देईल आणि मग दाखवील. बाजरीत, भुईमुगात, न्हाणीच्या पाण्यावर, जिथं नको तिथं फोफावणारं ते तण. पण त्या एका केन्यामागं केवढं मोठं कूळ आहे, त्यात किती घराणी आहेत, कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, हे दाजींच्या तोंडून ऐकावं. गावचा भाट पाटलाची वंशावळ सांगणार नाही इतक्या भक्तीनं ते सांगत. या कुळाचं सगळं तीनावर. पाकळ्या तीन, त्यांच्या खालची हिरवी दलं तीन, पुंकेसर तीन दुणे सहा. फूल जर हिरव्या होडीतून डोकं काढत असेल तर तो केना. होडी नाही, सहाच्या सहा पुंकेसर कामाचे आणि त्यांना निळी लव, तर ती आभाळी. होडीही नाही, लव असो-नसो, पण केन्यासारखे तीनच पुंकेसर कामाचे आणि तीन नुसते शोभेचे, तर ते तिसरं घराणं. या तिसऱ्या घराण्याचं नाव मधल्या काळात मोठ्या शास्त्रज्ञांनी बदलून टाकलं होतं. दाजींकडचं जुनं इंग्रजी पुस्तक त्याआधीचं. त्यामुळे त्यांना ही गोष्ट कळली तेव्हा वाळवलेल्या रोपट्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या खोडून नव्यानं लिहाव्या लागल्या. मी त्या सुमारास गेलो होतो. अंगणात पाऊल टाकताच ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पावणं, आपलं अर्धं घरानं दत्तक गेलं." मी घाबरून आक्कांकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावून आत चहा टाकला.

हे तीन कामाचे आणि तीन शोभेचे दाजींच्या डोक्यात इतके बसले होते की त्यांना माणसंही तशीच दिसत. ग्रामपंचायत, लग्नातले वऱ्हाडी, शाळेतले मास्तर, सगळ्यांची ते वाटणी करत. एकदा साताऱ्याला माझ्या कचेरीत आले. मी पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्या खोलीत आम्ही नेमके सहा जण. दाजी कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास गप्प बसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, तुमच्या हेडक्लार्कसकट तिघं शोभेचे आहेत. मला फार आनंद झाला. मग भीत भीत विचारलं, मी कुठं बसतो? दाजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, भिंगाखाली घेतल्याशिवाय सांगता यायचं नाही. माझं तोंड पडलेलं बघून त्यांनी समजूतही घातली, की शोभेच्यांना कमी लेखू नका, ते पिवळेजर्द दिसतात म्हणून तर माशी फुलाकडे येते. त्या समजुतीनं मला आजतागायत बरं वाटलेलं नाही.

भिंगही काही साधंसुधं नव्हतं. आमची सासुरवाडी विट्याची. विट्याची माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी मुलुखभर पसरलेली, तसाच आमचा एक मेव्हणा दूर मद्रासेकडे दुकान टाकून होता. त्यानं दिवाळीला येताना दाजींसाठी सोनं पारखायचं, डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक टोकाचा चिमटा आणला. दाजींनी ते भिंग डोळ्यात धरलं, तिथल्या तिथं अंगणातलं गवत उपटून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेव्हण्याला वाटलं, आपल्या भेटीनं पाहुणे गहिवरले. सासूबाई मात्र चिडल्या. ज्या भिंगातून लोक तोळे बघतात त्यातून आमचा जावई तण बघतो, हे त्यांना भाऊबंदांत सांगायची चोरी झाली. त्यांचं मन वळवायला दाजींनी एकदा परसात खणून केन्याची मुळाकडची फुलं दाखवली. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, ऊन बघत नाहीत, तरी त्यांत बी धरतं. दाजी हे सांगताना अगदी हळवे झाले. सासूबाईंनी ती मातकट कळी बघितली आणि म्हणाल्या, "तुमीच सारखं टक लावून बघाय लागला तर काय करील बिचारं? गेलं लाजून खाली."

माझं लग्न झालं त्याच वर्षीच्या श्रावणात आम्ही पहिल्यांदा वडूजला राहायला गेलो. नवा पाहुणा म्हणून मला माजघरात खास गादी घातली होती. गादी जरा टणक होती, कडेनं कागद वाजत होते, पण पाहुण्यानं असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. सकाळी उठतो तर दाजी उशाशी उभे. त्यांनी माझी झोप कशी झाली ते विचारलं नाही. रात्री कूस किती वेळा बदलली ते विचारलं. मग गादी उचलली. खाली जुन्या वर्तमानपत्रांत घालून चाळीसेक रोपटी दाबायला ठेवली होती. एरवी त्यांच्यावर पाटा, वरवंटा आणि आक्कांची ट्रंक असे. माझं वजन त्यांना जास्त सारखं पडेलसं वाटलं. पुढं मी जाडा होत गेलो तसतसा त्यांचा माझ्यावरचा लोभ वाढत गेला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

या सगळ्यात आक्का कशा राहिल्या हे मला कोडं वाटे. त्यांनी नवऱ्याच्या नादाला कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांना केना एवढाच माहीत की कोवळी पानं घेऊन बेसनात बुडवली की भजी बरी होतात. एकदा दाजींनी कुंडीत निरखायला ठेवलेल्या झाडाची पानंच त्यांनी भज्यांना वापरली. दाजी शाळेतून आले, कुंडी बघितली, ताट बघितलं आणि मुकाट्यानं खायला बसले. नंतर वहीत त्या झाडाच्या पानावर त्यांनी लिहिलं: "चव सौम्य. बुळबुळीतपणा तळल्यावर जातो." शाळेतले हेडमास्तर इतके समंजस नव्हते. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मुलांकडून मैदानातलं गवत काढून घ्यायचं काम दाजींकडे असे. मैदान लख्ख व्हायचं, फक्त झेंड्याच्या खांबाभोवती केन्याचं हिरवंगार कडं तेवढं राहायचं. राष्ट्रगीताला दाजी ताठ उभे असत, पण मान किंचित खाली. हेडमास्तरांनी जाब विचारला, तेव्हा दाजींनी सांगितलं, की झेंडा आठला चढतो आणि हेही आठलाच उमलतं, म्हणून राहू दिलं.

आता मुख्य गोष्ट. वडूजपासून कोसभरावर एका रिटायर सुभेदारांचा माळ होता. नुसता कातळ. कातळाच्या खोलगट जागी पावसाची चार बोटं माती साठते, तेवढ्यात एका वर्षी दाजींना एक वीतभर उंचीचं रोपटं दिसलं. तिसऱ्या घराण्यातलं, हे नक्की. पण पुस्तकातल्या कुठल्याच भावंडाशी जुळेना. शोभेच्या पुंकेसरांचा आकार वेगळा, बोंडातल्या बियांची मांडणी वेगळी, आणि फूल असं उतावळं की आठला उमलून साडेदहाला विरून जायचं. साऱ्या माळावर फक्त दोन बाजांएवढ्या जागेत ते येई. दाजींनी तालुका पालथा घातला, दुसरीकडे मिळालं नाही. चिठ्ठीवर नावाच्या जागी त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि त्या प्रश्नचिन्हापुढं नऊ वर्षं काढली. या झाडाला जगात अजून नाव नाही, ते आपल्यामुळं मिळेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते कोणापाशी बोलत नसत. मला एकदाच म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर लगेच हवापाण्याच्या गोष्टी काढल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात माळ करपला तेव्हा रोपटं वर आलंच नाही. गावाला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा झाडाला कोण घालू देणार? दाजी स्वतःच्या दाढीचं आणि हातपाय धुतलेलं पाणी साठवून, कोणाला न दिसेल असं तांब्यातून नेत आणि कातळावरच्या त्या मातीला पाजत. दोन वर्षांनी ते पुन्हा उगवलं, तेव्हा शाळेत पेढे वाटले. विचारलं तर म्हणाले, पाहुणे आले.

पुण्याला वाळल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे, तिथल्या एका जाणत्या साहेबांना दाजींनी दाबलेली रोपटी पाठवली. उत्तर आलं: पानं छान आहेत, पण फुलाच्या जागी डाग आहे, फुलाशिवाय काही सांगता येत नाही. दाजींनी पुढच्या वर्षी कापसात ठेवून, त्याच्या पुढच्या वर्षी स्पिरिटात घालून पाठवली. उत्तर तेच. शेवटी त्यांनी साहेबांनाच या म्हणून लिहिलं, आणि साहेब भले, की दुष्काळानंतरच्या तिसऱ्या भाद्रपदात खरोखर निघाले. त्यांना साताऱ्यात उतरवून घ्यायचं आणि पहाटेच्या पहिल्या एस्टीनं वडूजला आणायचं काम माझ्याकडे आलं. दाजींचं कार्ड आलं होतं: "फूल आठ ते साडेदहा. पाहुण्यांना आंघोळ आदल्या संध्याकाळीच घालावी." आता एवढ्या मोठ्या माणसाला मी काय आंघोळ घालणार? पण बंब मात्र संध्याकाळीच पेटवला. साहेब किडकिडीत, मितभाषी, चष्मा दोरीनं बांधलेला. एस्टीत सबंध वाटभर ते खिडकीतून रस्त्याकडेच्या गवताकडे बघत होते. तेव्हाच मी ओळखलं की दोघांचं जमणार.

साडेसातला दाजी स्टँडवर हजर. इस्त्रीचा सदरा, गळ्यात भिंग, काखेत वही. आम्ही झपाझप माळाकडे निघालो. सुभेदारांना दाजींनी आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं की पुण्याचे मोठे साहेब आपल्या माळावर तपासणीला येणार आहेत. एवढंच सांगितलं होतं, आणि इथंच चुकलं. ज्या माणसानं पंचवीस वर्षं पलटणीत काढली त्याला साहेब आणि तपासणी हे दोन शब्द एका दमात सांगितल्यावर तो काय करणार? माळाच्या तोंडाशी सुभेदार कडक वर्दीत, छातीवर पदकं लावून उभे होते. त्यांच्यामागं पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्या-गेरूनं रंगवलेले धोंडे एका ओळीत लावलेले. एक पांढरा, एक गेरूचा. वाट थेट दाजींच्या त्या दोन बाजांएवढ्या जागेपाशी गेलेली. आणि ती जागा सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ. त्यात औषधाला काडी नव्हती. सुभेदारांनी आदल्या संध्याकाळी भांगलायला चार बायका लावून तिथलं एकूण एक रोप मुळासकट उपटून काढलं होतं.

सुभेदारांनी सॅल्यूट ठोकला. "एकदम चकाचक केलंय, मास्तर. ह्यो एवढाच तुकडा लय घान हुता."

दाजी जवळच्या एका चुन्याच्या धोंड्यावर बसले. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. सुभेदारांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि मग त्या रिकाम्या जागेकडे. त्यांना हळूहळू उमगत गेलं. एवढा सहा फुटी गडी, पण आवाज पार खाली गेला. "मास्तर, त्येच व्हय वो बघायचं हुतं?" दाजींनी नुसती मान हलवली. माझ्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मला सुभेदारांचा संताप येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

साहेब तेवढे शांत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "उपटलेलं कुठं टाकलंय?"

ते कुंपणाच्या काटेरी फांद्यांपाशी ढीग करून टाकलं होतं. आता यातली गंमत कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असते, पण त्या घटकेला आम्हां कोणाला सुचली नव्हती. केन्याची जात उपटून मरत नाही. बांधावर फेकला तरी चार दिवस टवटवीत राहतो, सर पडली तर तिथंच मूळ धरतो. म्हणून तर शिव्या खातो. साहेब, दाजी, वर्दीतले सुभेदार आणि मी असे चौघं त्या ढिगापाशी गुडघे टेकून बसलो आणि एकेक काडी बाजूला काढू लागलो. गवत, घोळ, आघाडा, पुन्हा गवत. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. मग सुभेदारांनी आपला पंजा दाजींच्या पुढं धरला. त्या रापलेल्या पंजावर, मुळाला माती घेऊन, ते रोपटं आडवं पडलं होतं आणि त्याचं एक फूल उघडं होतं.

"ह्ये का, मास्तर?"

दाजींनी दोन्ही हातांनी तो पंजाच धरला. त्या ढिगात मग अशी नऊ फुलं मिळाली. साहेबांचा पुढचा तासभर एकच उद्योग. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मधेच पिशवीतले टाइप केलेले कागद चाळायचे, पुन्हा भिंग. दाजी त्यांच्या समोर उकिडवे बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दहा वाजायला आले तेव्हा साहेबांनी भिंग खाली ठेवलं आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, हे नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी याला नाव दिलेलं आहे. पण या भागात मिळाल्याची नोंद नाही, ती तुमची."

दाजी म्हणाले, "म्हंजे नाव हाय म्हना त्येला."

"आहे."

"आनि फुलाचं काय लिवलंय?"

साहेबांनी टाइप केलेला कागद पुन्हा उघडला. जुन्या ग्रंथातलं वर्णन त्यांनी उतरवून आणलं होतं. खोड असं, पानं अशी, बोंड असं, बिया अशा. आणि फुलाच्या जागी इंग्रजीत एवढंच, की पाकळ्या पाहिलेल्या नाहीत. कोणीतरी दख्खनमधून वाळलेली काडी विलायतेला धाडली, तिथल्या विद्वानानं बोंड फोडून बिया मोजल्या आणि नाव ठेवून मोकळा झाला. मला त्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. दाजींनी काखेतली वही काढून साहेबांपुढं ठेवली. नऊ वर्षांची चित्रं होती. आठला पाच कमी असतानाची कळी, सव्वाआठचं अर्धवट फूल, नऊचं पुरतं उमललेलं, दहाचं कडेनं सुरकुतलेलं आणि साडेदहाचा ओला ठिपका. साहेब एकेक पान उलटत गेले, आणि शेवटच्या पानाशी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर सुभेदारांच्या पंजावरचं फूल विरून गेलं होतं.

साहेब दुपारच्या गाडीनं गेले. दाजी आणि मी घरी आलो तेव्हा आक्का ज्वारी निवडत होत्या. माणूस काय म्हणाला, असं त्यांनी पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं. दाजी उंबऱ्यात बसले, चुन्यानं पांढरी झालेली विजार झटकली आणि म्हणाले, "नाव हाय म्हनं त्येला. आदीपास्नंच."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. "मग बरंच झालं की. बारशाबिगर किती दीस ऱ्हायचं त्येनं?"

दाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले, ते इतका वेळ हसले की शेवटी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. त्यातलं हसू किती आणि दुसरं काय, हे मी विचारलं नाही. पण जेवताना ते पुन्हा नेहमीचे दाजी होते. माझी पिशवी लपवली आणि मला मुक्कामाला ठेवून घेतलं.

सुभेदारांना मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ढिगातलं एकेक रोप वेचून पुन्हा त्याच मातीत लावलं. पण फौजी माणूस, लावताना दोरी धरली. पुढच्या पावसाळ्यात ते दुर्मीळ रानटी रोपटं माळावर तीन-तीनच्या रांगा धरून, दोन रांगांत हातभर अंतर सोडून उगवलं. दाजी मला दाखवायला घेऊन गेले होते. कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ चुकून इकडे आला तर त्याला वेड लागेल, असं म्हणून ते पोट धरून हसत होते, आणि हसता हसता मधेच ओणवे होऊन भिंग लावत होते, कारण तेव्हा नऊच वाजले होते.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वह्या आणि दाबलेली रोपटी आक्कांनी पुण्याच्या त्या संग्रहाला देऊन टाकली. मध्यंतरी एका कामासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम तिथं चौकशी केली. तिथल्या बाईंनी लोखंडी कपाटातून एक जाड फोल्डर काढून टेबलावर आणून ठेवलं. कागदावर शिवलेलं तेच वीतभर रोपटं, तपकिरी पडलेलं. खाली चिठ्ठी. प्रश्नचिन्ह खोडलेलं, आणि त्यापुढं ते लांबलचक परदेशी नाव दाजींच्या घोटीव अक्षरात नीट लिहिलेलं. त्याच्याखाली शाईनं, मराठीत: "फूल पाहिले. सकाळी आठ ते साडेदहा." मी पुढचा कागद उलटला, त्याच्याही खाली तेच होतं. सतरा कागद होते, आणि सतराही कागदांवर त्यांनी तेवढं लिहून ठेवलं होतं.

बाईंनी सहज विचारलं, रंग कसा होता हो फुलाचा? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. निळा होता की जांभळट, का दोहोंच्या मधला कुठला? मी तर तिथं होतो, सुभेदारांच्या पंजापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून. पण त्या सकाळी मी सगळा वेळ घड्याळाकडेच बघत होतो, आणि पुढच्या वर्षी माळावर गेलो तेव्हा त्या रांगांकडे. त्यांना म्हटलं, माझ्या साडूंची वही असेल बघा इथं कुठंतरी, त्यांनी पाहिलंय.